माझ्या फुलाचं नाव मी घेतलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, मशिदीतल्या हाफिजजींनाही नाही. बायको म्हणते, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. खरंच आहे ते. आरमोरीच्या बाजारात माझ्याइतका बोलघेवडा माणूस शोधून सापडायचा नाही. पण ही एक गोष्ट पोटात राहिली. इतकी वर्षं राहिली की आता ती बाहेर काढायची तर धरायची कुठून, तेच कळेना.

धंद्यापासून सुरू करतो. धंद्याबद्दल बोलणं सोपं असतं.

मी बांगडीवाला. वडीलही बांगडीवाले. दुकान आरमोरीत, पण खरा धंदा पूर्वेकडच्या जंगलातल्या आठवडी बाजारांत. सायकलीच्या कॅरियरला पेटी बांधायची, निघायचं, कुठंतरी शाळेच्या पडवीत मुक्काम करायचा. तिकडं मला सगळे 'चुडीभाई' म्हणायचे. गोंडी मी लहानपणीच शिकलो — शिकावीच लागते. बाईचा हात हातात घेऊन बांगडी चढवायची तर तिच्याशी तिच्या भाषेत बोलावं लागतं. नाहीतर हात आखडतो आणि बांगडी फुटते. माझ्या हातून बांगडी क्वचितच फुटायची. याचा मला फार अभिमान होता. अभिमान हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अशाच एका गावातला तो. माझ्याच वयाचा. एका पावसाळ्यात नाल्याच्या मध्यावर माझी सायकल आडवी झाली, आणि हा पलीकडच्या काठावरून हसत हसत पाण्यात उतरला. आधी पेटी डोक्यावर घेतली, मग सायकल खांद्यावर, आणि शेवटी मला म्हणाला, 'तू येतं का, का तुलेबी उचलू?' तिथून आमचं जमलं. मधाची पोळी काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. जंगलात तो वाटेनं जायचाच नाही, वाट त्याच्या मागून यायची असं वाटायचं.

त्यांच्याकडे एक रीत आहे. दोन दोस्तांना आयुष्यभराचं नातं जोडायचं असेल तर गावासमोर एकमेकांच्या कानावर फूल खोवायचं. मग ते दोघं एकमेकांचे 'फूल' होतात. सख्ख्या भावाच्या वरचं नातं. एकाची आई ती दुसऱ्याची आई. आणि त्या दिवसापासून एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायची ती 'फूल' म्हणून. रागावलात तरी फूल, मेलात तरी फूल. नाव घेणं म्हणजे नातं तोडणं.

आम्ही फूल झालो. त्याच्या आईनं, यायोनं — यायो म्हणजे गोंडीत आई — आम्हाला एका पानावर जेवायला वाढलं. बाजारात लोक खिदळायचे, 'दाढीवालं फूल कुठी पाह्यलं का गा!' मी पण हसायचो. पण खरं सांगू? मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं. माझ्या जमातीतल्या दुसऱ्या कुणा दुकानदाराला त्या जंगलात आई होती का?

आता तुम्ही म्हणाल, बरं मग, यात कबूल करण्यासारखं काय आहे? थांबा जरा. मी मुद्दामच गोल गोल फिरतोय, माझं मलाही कळतंय.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. जंगलात बंदूकवाले होते. आम्ही त्यांना 'आतले' म्हणायचो, नाव घ्यायचो नाही. पोलिसांनी त्या सुमारास नवी तऱ्हा सुरू केली. जागोजागी ठाणी, वाटेवर नाके, बाजाराला जाणाऱ्या प्रत्येकाची झडती. टॉर्चचे सेल जास्त नेले तर प्रश्न, तापाच्या गोळ्या नेल्या तर प्रश्न. माझी पेटी उघडून बांगड्यांचे डबे हलवून बघायचे. नुसते हलवले तरी चार फुटायच्याच. आणि आणखी एक — गस्तीला निघताना गावातला एखादा माणूस सोबत घ्यायचा. वाट माहीत असलेला. तो पुढे, पोलीस मागे. याला ते सहकार्य म्हणायचे. गावाला मात्र कळत होतं, आज जो पोलिसांच्या पुढे चालला त्याला उद्या आतले विचारणार, काऊन चाललास? पोलीस तर संध्याकाळी ठाण्यात परत जायचे. तो माणूस गावातच राहायचा.

आमच्या वाटेवरच्या नाक्यावर एक तरुण फौजदार होता. घाटावरचा. माणूस वाईट नव्हता — हे मी मुद्दाम सांगतो, कारण तो वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. मला खुर्ची द्यायचा, चहा पाजायचा, माझ्या गप्पा ऐकायचा. एका दुपारी असाच बसलो होतो. भोवती त्याचे शिपाई. मी नेहमीसारखा जंगलाच्या गोष्टी सांगत होतो, अस्वलाच्या, आतले ज्याच्या पलीकडे असतात म्हणायचे त्या पहाडाच्या. तो हसून म्हणाला, "रशीदभाई, तुम्ही बांगड्या भरणार अन् उजेडी परत फिरणार. जंगलातलं तुम्हाला काय ठाऊक?"

शिपाई हसले.

बस्स. एवढंच झालं. कुणी मारलं नाही, धमकावलं नाही. कुणी काही विचारलंसुद्धा नव्हतं. मीही हसलो असतो, चहा संपवून उठलो असतो, तर? पण मला ते लागलं. मी म्हणालो, "साहेब, पहाडापल्याडची वाट पाह्यजे का तुमाले? डोये बांधले तरी नेईल असा माणूस आहे माह्या हातात." आणि त्याचं नाव घेतलं.

माझ्या फुलाचं नाव मी घेतलं.

जीभ घसरली असं म्हणता येईल का? कितीतरी वर्षं मी स्वतःशी तेच म्हणत आलो. पण फौजदारानं चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "काय नाव म्हणालात?" — आणि मी पुन्हा सांगितलं. सावकाश. आडनावासकट, गावासकट. चिंचेखालचं घर म्हणून खूणही सांगितली. घसरलेली जीभ एवढं व्यवस्थित बोलते का? त्यानं माझ्यासाठी दुसरा चहा मागवला. तो मी प्यालो. सायकलीवर बसलो तेव्हा — लिहायला लाज वाटते — मी शीळ घालत होतो.

पुढच्या बाजाराला माझं फूल भेटलं तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. पोलीस दारात आले, आईसमोर नाव घेऊन हाक मारली, चल म्हणाले. बंदुका पाहून कोण नाही म्हणणार? त्यानं पहाडापलीकडे नेलं आणि परत आणलं. तिकडं कुणी सापडलं नाही, काही झालं नाही. पण गावानं पाहिलं. त्यानं मला विचारलं, "फूल, त्याहिले माहं नाव कसं माहीत झालं गा?"

मी म्हणालो, "पोलिसाले सारंच माहीत रायते."

त्यानं मान डोलावली. माझ्यावर त्याचा विश्वास होता. मग आम्ही दोघांनी एकाच पुड्यातली भेळ खाल्ली.

पुढं पोलीस त्याला अजून काही वेळा घेऊन गेले. एकदा वाट दाखवली की तो माणूस त्यांचाच झाला. आणि मग एके दिवशी आतले आले. गावाला मैदानात बसवलं. हा खबऱ्या आहे म्हणाले. त्याला सोबत नेलं. दुसऱ्या दिवशी तो गावच्या वाटेवर पडलेला सापडला. त्याच वाटेवर, जिथून माझी सायकल यायची.

मातीला मी गेलो होतो. यायोनं माझ्या गळ्यात पडून आक्रोश केला. माझ्या.

त्या गावात मेलेल्या माणसाचा दगड उभा करतात. गावाच्या वेशीशी एक रांग आहे, घराण्याघराण्याचे दगड. दगड उभा राहिला म्हणजे माणूस गावाचा राहिला, पूर्वजांत गेला. दगड नसला तर तो कुणाचाच नाही. गायता, म्हणजे गावाचा पुजारी, म्हणाला की याचा दगड आत्ता नको. तो आपल्या मनानं पोलिसांत गेला का त्याला ओढून नेलं, हे आधी गावाला कळू दे. गायत्याला आतल्यांची भीती होती, पण नुसती भीती नव्हती. आपल्या मनानं गावाविरुद्ध गेलेल्याचा दगड रांगेत बसत नाही, अशी त्यांची समजूतच आहे. यायो मग एवढ्या एका गोष्टीसाठी जगायला लागली. पोरगा आपल्या मनानं गेला नव्हता, कुणीतरी त्याचं नाव सांगितलं होतं, हे कुणीतरी मोठ्या माणसानं म्हणावं.

आणि तशी वेळ आली. गावोगावच्या अशा गोष्टी पेपरात यायला लागल्या होत्या. पोलिसांच्या या तऱ्हेची उघड चौकशी व्हावी म्हणून गडचिरोलीत एक जनसुनावणी भरली. नागपूरहून एक निवृत्त न्यायाधीश आले, एक वकीलबाई आल्या, एक प्राध्यापक. पोलिसांचे मोठे अधिकारीही पुढच्या रांगेत येऊन बसले. हॉल गच्च भरलेला — वकील, दुकानदार, कॉलेजची पोरं. गावातलं कुणी यायला तयार नव्हतं. यायो एकटी निघाली, आणि मला निरोप धाडला. तूच माझा आता, तूच ने.

मी नेलं. एसटीत तिला खिडकीशी बसवलं. ती घट्ट मूठ करून बसली होती, कुणीतरी हातातलं काढून घेईल असं वाटल्यासारखी. वाटेत तिनं मला सगळं बोलून दाखवलं, काय काय सांगायचं ते. मी हो हो म्हणत होतो. मनाशी म्हणत होतो, तिथं गोंडी जाणणारा कुणी मास्तर असेल. तो मराठीत सांगेल. जे व्हायचं ते माझ्या तोंडून होणार नाही.

मास्तर आलाच नाही. घाबरला असेल. साक्षीदारांना एकेक करून आत घेत होते, बाकीचे बाहेर झाडाखाली. वकीलबाईंनी विचारलं, यांची भाषा कुणाला येते? यायोनं माझ्याकडे बोट केलं.

कारकुनानं मयताचं नाव विचारलं. मी सांगितलं. पटकन, न अडखळता. आणि यायोची मान माझ्याकडे वळली. नुसती वळली. तिला मराठी बाजारापुरती यायची, पण आपल्या पोराचं नाव तिला कळणारच ना? आणि ते कुणाच्या तोंडून आलं, तेही. फुलाच्या तोंडून नाव! मला तेव्हाच कळायला हवं होतं की तिथं न्यायाधीशांपेक्षा मोठं कुणीतरी माझ्याकडे बघतंय. तिला काय समजलं, मला माहीत नाही. आजही नाही.

मग ती बोलली. तिच्यासारखी बाई एवढं बोलू शकते हे मला माहीतच नव्हतं. उभी राहून बोलली. पोरगा कधी ठाण्याच्या दिशेला फिरकला नव्हता. पोलीस दारात आले तेव्हा त्यांनी गायत्याला विचारलं नाही, पाटलाला विचारलं नाही, सरळ चिंचेखाली येऊन त्याच्या नावानं हाक मारली. म्हणजे नाव कुणीतरी दिलं होतं. गावातलं कुणी देणार नाही. बाहेरच्या कुणीतरी माझ्या लेकराचं नाव दिलं. ते कोण, हे शोधा. आणि कोणी सापडो न सापडो, एवढं लिहा की तो आपल्या मनानं गेला नाही. म्हणजे मला त्याचा दगड लावता येईल.

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, "पोलीस घरी आले, पोरगा त्यांच्यासोबत गेला, असं म्हणते. बाकी तिले काई माहीत नाई."

न्यायाधीशांनी विचारलं, बांधून नेलं का? मारलं का? मी तिला विचारलं. ती म्हणाली, नाही, मारलं नाही, पण बंदुका होत्या. मी म्हणालो, "नाई म्हणते." पुढच्या रांगेतल्या अधिकाऱ्यानं पायावर पाय टाकला. वकीलबाई माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या, त्यांना काहीतरी खटकलं असावं. मी पाणी मागितलं. मग त्यांनी पुढचा साक्षीदार बोलावला.

का केलं असं? भीती होती. नाव देणारा मीच हे बाहेर पडलं असतं तर आतल्यांनी मला सोडलं नसतं. ही भीती खरी होती. पण मला स्वतःला हेही माहीत आहे की 'कुणीतरी नाव दिलं' एवढं नुसतं सांगितलं असतं तरी माझं काही बिघडलं नसतं. कुणी माझ्यापर्यंत आलं नसतं. तिचे शब्द तिचे म्हणून पुढे करायचे, एवढंच काम होतं. मला तेवढंही तोंडातून काढवलं नाही. कारण ते तोंडातून निघालं असतं तर मला ते ऐकावं लागलं असतं.

बसस्टँडवर आम्ही बाकावर बसलो होतो. मी तिच्यासाठी चहा आणला. तिनं तो हातात धरला, प्यायली नाही. मग तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "बाबू, मी येवढी बोलली. तू येवढंसंच सांगितला."

मी म्हणालो, "मराठीत थोडक्यातच होते, यायो."

ती हं म्हणाली. चहा थंड झाला होता, तरी प्यायली.

सुनावणीचा पुढे अहवाल आला. पोलिसांच्या त्या तऱ्हेवर त्यात बरेच ताशेरे होते म्हणतात. इतर गावांतल्या माणसांना जबरदस्तीनं नेलं होतं असं त्यात आलं. पेपरवाल्यांनी छापलं, पोलिसांना उत्तरं द्यावी लागली. माझ्या फुलाबद्दल मात्र लिहिलं की जबरदस्ती दिसत नाही, सोबत गेला होता. गायत्यापर्यंत ते पोचलं. त्यानं विषय मिटवला. मोठ्या माणसांनीच तसं म्हटलं, मग गावानं काय म्हणावं? सगळ्यांनी पोलिसांना जाब विचारला, आणि विचारायलाच हवा होता. मला कुणी विचारला नाही. मी साक्षीदारसुद्धा नव्हतो. मी नुसतं तोंड होतो.

त्यानंतरही मी त्या बाजाराला जात राहिलो. थांबलो असतो तर लोकांनी विचारलं असतं. यायो मोहफुलं आणून द्यायची, तुझ्या लेकरांना म्हणून. त्या सुनावणीबद्दल ती पुन्हा एक शब्द बोलली नाही. मी घरी ती मोहफुलं नेत नव्हतो. वाटेत नाल्यात सोडून द्यायचो.

काही वर्षांनी ती गेली. तिचा दगड उभा करायला मला बोलावलं, कारण मुलाच्या जागी आता मीच होतो. पहिला हात मुलानं लावायचा असतो. मी लावला. बाया म्हणाल्या, पोरगा नाई रायला, पन फुलानं केला सारं. गायता तेव्हा फार थकला होता. दगड बसल्यावर तो माझ्याजवळ आला, आणि नवऱ्याच्या आणि तिच्या दगडाच्या मधली जागा दाखवली. एक दगड मावेल एवढी. ती जागा म्हातारीनं हट्टानं ठेवायला लावली होती. तो म्हणाला, "चुडीभाई, तू त्या सभेत होता. तू सांग. लावाव का त्याचा?"

एवढी सरळ संधी अल्लानं दुसऱ्या कुणाला दिली असेल का? ना पोलीस, ना न्यायाधीश, ना आतले. एक म्हातारा, थकलेला, माझ्या एका शब्दाची वाट बघत उभा. हो म्हणालो असतो तरी झालं असतं. कारणसुद्धा सांगावं लागलं नसतं.

मी म्हणालो, "लिहिलं ते लिहिलं, भाऊ. आता काय." आणि हात धुवायला नाल्याकडे गेलो.

हाफिजजी सांगतात, अल्लाचा गुन्हा केला तर अल्ला माफ करेल, पण माणसाचा केला तर माफी त्या माणसाकडेच. तो गेला, ती गेली, गायताही गेला. आता माफीला कुणी उरलं नाही, आणि मी मागतही नाही. नमाजाला उभा राहतो, हात उचलतो, काही न मागता खाली घेतो.

आता तिकडे डांबरी रस्ता झालाय. नाका उठला. तो फौजदार कधीच बदलून गेला, त्याला आमच्यापैकी कुणी आठवतही नसेल. मागच्या उन्हाळ्यात मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून मी त्या बाजूला गेलो होतो. मुलाला म्हणालो, तू चहा घे, मी जरा पाय मोकळे करतो. आणि वेशीशी त्या रांगेपाशी गेलो. मधली जागा तशीच आहे. गवत वाढलंय. जवळ कुणी नव्हतं, लांबवर नुसता एक गुराखी होता.

मला वाटलं, एकदा त्याला हाक मारावी. नुसती. काही सांगायला नाही. इतक्या वर्षांत मी त्याला हाक मारली नव्हती.

मी 'फूल' म्हणायला तोंड उघडलं. नाव निघालं.